कॅसिओ घ्यावा की यामाहा? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

(सोलापूर इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



बाहेरच्या फलकावर आजचा विषय वाचून काहींना शंका आली असेल की हे इतिहासाचं व्याख्यान आहे की नव्या पेठेतल्या एखाद्या दुकानाची जाहिरात. आधीच सांगून टाकतो, आम्ही कुठल्याच कंपनीचं काही लागत नाही. पण वाद्यांच्या इतिहासावर बोलायला आम्ही जिथे जिथे जातो, तिथे व्याख्यान संपल्यावर एक तरी गृहस्थ किंवा ताई बाजूला येतात आणि हळूच विचारतात, "पोरीला कीबोर्ड घ्यायचाय. कुठल्या कंपनीचा घेऊ?" व्याख्यानातल्या सनावळीबद्दल कुणी विचारत नाही, याबद्दल मात्र हमखास विचारतात. तेव्हा म्हटलं, या प्रश्नाचाच इतिहास मांडून बघू.

हा प्रश्न साधा नाही. घरातली महिन्या-दोन महिन्यांची शिल्लक त्यात जाणार असते. पोरगी शिकली तर सार्थक, नाही तर ते यंत्र कपाटावर खोक्यात जाऊन बसतं. पैशापलीकडेही त्यात काही आहे, त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

सुरुवात एका शब्दापासून करू. सोलापुरात, आणि एकूणच महाराष्ट्रात, विजेवर चालणाऱ्या या पेटीला लोक काय म्हणतात? कॅसिओ. "आमच्याकडे यामाहाचा कॅसिओ आहे", हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित बोललाही असाल. हसू नका. वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणालो, छायाप्रतीला झेरॉक्स म्हणालो, तसंच हे. पण एखाद्या कंपनीचं नाव वस्तूचंच नाव होतं तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाने कान टवकारायला हवेत. त्या कंपनीने नक्की काय केलं, जे आधीच्यांनी केलं नव्हतं? ते समजायचं तर सव्वाशे-दीडशे वर्षं मागे जावं लागेल, कारण 'कुठल्या कंपनीचं?' हा प्रश्न कीबोर्डच्या आधी हार्मोनियमला विचारला गेला होता.

खोकं इथलं, सूर परदेशी

ज्या पेटीला आज आपण अस्सल आपली समजतो, ती जन्माने फ्रेंच. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबाँ यांनी १८४०च्या सुमारास या वाद्याचं पेटंट घेतलं आणि हार्मोनियम हे नाव दिलं. ते वाद्य टेबलाएवढं होतं. खुर्चीवर बसायचं, पायाने भाता मारायचा, दोन्ही हातांनी वाजवायचं. मिशनरी आणि साहेब लोकांबरोबर ते हिंदुस्थानात आलं. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' या पेढीने आणि इतर कारागिरांनी त्याचे पाय कापले. भाता मागे आणला, तो डाव्या हाताने मारायचा, उजव्या हाताने वाजवायचं, आणि वादक मांडी घालून बैठकीत बसला.

हा डावा हात लक्षात ठेवा, तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता सोलापूरकडे या. रेल्वे इथे १८६० साली आली. जुनी गिरणी १८७७ची. गिरणीचा पगार झाला की तिकीट काढून नाटकाला जाणारा प्रेक्षक या गावात तयार होत होता. त्याच सुमाराला, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगमंचावर आलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. नाटक कंपन्या रेल्वेने फिरायच्या. पडदे, पेट्या, भांडीकुंडी, आचारी, सगळा संसार मालडब्यात. सोलापूर हा त्या फिरतीतला महत्त्वाचा मुक्काम. इथल्या माणसाच्या कानावर पेटी पडली ती अशी, मुख्यतः नाटकातून.

१९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. टेंबे स्वतः हार्मोनियमचे मोठे वादक. पुढे बालगंधर्वांच्या गाण्याबरोबर ऑर्गन, म्हणजे पायपेटी, इतकी जुळून गेली की नाट्यसंगीत म्हटलं की ऑर्गनचाच भरलेला सूर आठवतो. आणि बघा, ऑर्गनला भाता पायाने. म्हणजे डावा हात पुन्हा मोकळा झाला.

त्या काळी पेटी विकत घेणारा काय विचारायचा? "सूर कुठले आहेत?" सूर म्हणजे आतल्या पितळी रीड. लाकडी खोकं इथल्या सुताराने केलेलं असायचं, भात्याचं कातडं इथलं, पण आतले सूर पॅरिसचे किंवा जर्मनीचे. पॅरिसचं 'कॅसरिएल' आणि जर्मनीचं 'ज्युबिलेट' ही नावं जुने पेटीवाले आजही आदराने घेतात. पुढे सौराष्ट्रातल्या पालिताण्यात सूर तयार होऊ लागले, तेव्हा "जर्मन आहेत की पालिताणा?" असा प्रश्न आला. पेटीच्या दर्शनी पट्टीवर दुकानदाराचं नाव सोनेरी अक्षरांत, पण भाव ठरायचा आतल्या नावावर.

या काळात एक गोष्ट ठरून गेली. पेटी चांगली की वाईट हे खरेदीदार ठरवत नव्हता, साथीला बसणारा वादक आणि पेटी दुरुस्त करणारा कारागीर ठरवत होता. पेटीचा सूर उतरतो, भाता फुटतो, पट्टी अडकते. फिरतीवर असलेल्या कंपनीची पेटी कुरुंदवाडला बिघडली तर ती कुरुंदवाडलाच उघडता आली पाहिजे. म्हणजे 'कंपनी' या शब्दाच्या मागे तेव्हापासून एक दुसरा प्रश्न दडलेला होता: बिघडली तर कोण बघणार?

पेटीवरचा खटला

हार्मोनियम रुजली म्हणजे सगळे खूश होते असं नाही. तिच्यावर आक्षेप मोठा होता. तिचे बारा स्वर पक्के ठरलेले. आपल्या गाण्यातला कोमल गंधार रागागणिक किंचित खालीवर होतो. तो पेटीत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींडही नाही. सारंगीत ती आहे. पण पेटी शिकायला सोपी आणि सांभाळायला सोपी, म्हणून सारंगीवाला मागे सरकला.

यावर उपाय काढायचा प्रयत्न इथून फार लांब नाही, सांगलीत झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१०मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तिका लिहिली. आय.सी.एस. अधिकारी ई. क्लेमंट्स त्यांच्या साथीला आले, आणि लंडनच्या 'मूर अँड मूर'कडून श्रुतींची हार्मोनियम करून घेतली गेली. १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर चर्चाही झाली. पण ती पेटी चालली नाही. जादा पट्ट्या वाजवायला अवघड, आणि श्रुती नेमक्या कुठल्या यावर पंडितांचं एकमत नाही. आपल्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी करून तोच धागा पुढे नेला.

सरकारी पातळीवरही खटला चालला. १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७०चं दशक उजाडलं. तीस वर्षं रेडिओवर पेटी नाही, आणि त्याच तीस वर्षांत गावागावातल्या भजनी मंडळात, कव्वालीत, तमाशात, भीमगीतांच्या गायन पार्ट्यांत पेटीच पेटी! आपल्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांची गाणी होतात. चारही ठिकाणी मधोमध ठेवलेलं वाद्य एकच. वाद्य आपलं कोण करतं, याचं यापेक्षा वेगळं उदाहरण शोधायला नको.

दुरुस्तीवाल्यांचं गाव

आता थोडं लांब जायचंय, जपानला. कारण ज्या कंपन्यांची नावं आपण दुकानात घेतो, त्या बहुतेक तिथल्या. आणि त्यांची गोष्ट याच रीडच्या पेटीपासून सुरू होते.

१८८७ साल, म्हणजे 'शाकुंतल'नंतर अवघी सात वर्षं. हामामात्सु या गावातल्या प्राथमिक शाळेत एक अमेरिकन पायपेटी बिघडली. ती दुरुस्त करायला बोलावलं तोराकुसु यामाहा यांना. हे गृहस्थ घड्याळाचं काम शिकलेले आणि वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करणारे. त्यांनी पेटी उघडली, आतली रचना कागदावर उतरवून घेतली आणि तशी पेटी स्वतः केली. ती तपासून घ्यायला ती खांद्यावरून हाकोनेच्या डोंगरातून टोकियोला नेली, असं कंपनीच्या इतिहासात सांगतात. तिथल्या तज्ज्ञांनी सांगितलं, बांधणी छान आहे पण सूर चुकलेत. मग यामाहा टोकियोत राहून स्वरशास्त्र शिकले आणि पुन्हा पेटी केली. १८९७ साली त्यांची कंपनी रीतसर उभी राहिली. यामाहाच्या बोधचिन्हात तीन चिमटे एकमेकांवर ठेवलेले दिसतात ना, ते सूर जुळवायचे ट्यूनिंग फोर्क आहेत.

हामामात्सु हे गाव कसलं? विणकरांचं. सुती कापडाचं. मोटारी करणारी सुझुकी कंपनी याच गावात १९०९ साली मागांचा कारखाना म्हणून सुरू झाली. यामाहांच्याच कंपनीत काम केलेल्या कोइची कावाई यांनी १९२७मध्ये इथेच आपली कंपनी काढली. आणि मूळ ओसाकाची रोलँडही पुढे याच गावात मुक्कामाला आली. म्हणजे यामाहा, कावाई, रोलँड ही तीन नावं एका विणकरी गावची. सोलापूरकरांनी हे ऐकून थोडं अस्वस्थ व्हायला हरकत नाही.

रोलँडची गोष्टही दुरुस्तीचीच. इकुतारो काकेहाशी यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर अगदी कोवळ्या वयात घड्याळदुरुस्तीचं दुकान काढलं. तिथून रेडिओदुरुस्ती, तिथून इलेक्ट्रॉनिक ऑर्गन, आणि १९७२मध्ये रोलँड. म्हणजे दुरुस्ती करणारा माणूस फक्त कंपन्यांची प्रतवारी ठरवतो असं नाही, वेळ आली तर तो कंपनीच काढतो.

कॅसिओचं घराणं वेगळं. काशिओ हे चार भाऊ. थोरले तादाओ हे लेथवर काम करणारे कारागीर. १९४६मध्ये टोकियोत छोटी कार्यशाळा, १९५७मध्ये गणकयंत्र. संगीताशी संबंध नाही. पण संशोधन बघणारे भाऊ तोशिओ यांना संगीताचं वेड. वर्षानुवर्षं रियाज न करताही माणसाला निरनिराळ्या वाद्यांचा आनंद घेता यावा, ही त्यांची कल्पना. १९८० साली 'कॅसिओटोन २०१' बाजारात आला. त्यात २९ वाद्यांचे आवाज होते आणि एका वेळी आठ स्वर वाजायचे. गणकयंत्राच्या चिप बनवणारी कंपनी पेटी बनवत होती, म्हणून पेटी स्वस्त होत गेली.

हा फरक लक्षात ठेवा, आजची तुलना करताना तो उपयोगी पडतो. यामाहा वाद्याकडून विजेकडे आली, कॅसिओ विजेकडून वाद्याकडे आली.

आखातातून आलेली पेटी

विजेचा सूर आपल्या कानांना अगदी नवा नव्हता. १९५४च्या 'नागिन' चित्रपटातली पुंगी आठवा. ती खरी पुंगी नव्हती. संगीतकार हेमंतकुमारांच्या त्या चित्रपटात कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन हे फ्रेंच बनावटीचं इलेक्ट्रॉनिक वाद्य वाजवलं होतं. पण असलं वाद्य मुंबईच्या स्टुडिओत असायचं. सोलापूरच्या माणसाने ते फक्त पडद्यामागून ऐकलं.

घरात आलं ते १९८०च्या दशकात. तेव्हा परदेशी वस्तूवर परवाना आणि जकातीचं ओझं. म्हणून पेटी यायची ती आखातात नोकरी करणाऱ्या भावाच्या नाही तर मेहुण्याच्या सामानातून. टेपरेकॉर्डर, घड्याळ, अत्तराची बाटली, आणि पोरांसाठी कॅसिओ. ज्या कंपनीचं घड्याळ आणि गणकयंत्र आधीच माहीत होतं तिच्याच नावाची पेटी. हलकी, सेलवर चालणारी, आवाजाचे कर्णे आतच बसवलेले. वेगळा अँप्लिफायर नको. मंडपात वीज गेली तरी चालते. भारनियमनाची वर्षं ज्यांनी काढली त्यांना याचं मोल सांगायला नको. वस्तूचं नाव कॅसिओ का पडलं, त्याचं आमचं उत्तर हे. उत्तम सूर हे त्याचं कारण नव्हतं. ती साध्या माणसाच्या घरात पहिल्यांदा पोचली, म्हणून.

स्टेजवर चित्र वेगळं होतं. १९८३मध्ये यामाहाचा 'डीएक्स ७' आला आणि जगभरच्या चित्रपटसंगीताचा पोत बदलला. १९८७ला रोलँडचा 'डी ५०', १९८८ला कोर्गचा 'एम १'. ऑर्केस्ट्रावाल्यांच्या तोंडी ही नावं. १९८३लाच आणखी एक गोष्ट झाली, तिची जाहिरात कमी झाली पण परिणाम मोठा. रोलँडचे काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने 'मिडी' ही सामाईक भाषा ठरली. एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीच्या पेटीशी बोलू लागली. त्यासाठी २०१३मध्ये या दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र बसून भाषा ठरवली म्हणून आज तुमच्या पोरीचा कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असला तरी संगणकाला जोडता येतो.

आणि याच काळात डावा हात पुन्हा कामाला लागला. हार्मोनियमवर तो भाता मारत होता. कीबोर्डवर भाताच नाही. मग डाव्या हाताने तीन पट्ट्या दाबायच्या, की आत साठवलेला ढोलक, बास, गिटार असा सगळा ताफा वाजू लागतो. याला वादक 'स्टाइल' किंवा 'रिदम' म्हणतात. गंमत वाटते, पण हिशोब करा. ऑर्केस्ट्रात अॅकॉर्डियनवाला, बासवाला, बोंगोवाला, एखादा व्हायोलिनवाला होता. एका डाव्या हाताने त्यांची जागा घेतली. लग्नाच्या बँडमध्ये बघा, गाडीवर कीबोर्ड आणि मोठे कर्णे आले आणि क्लॅरिनेट-ट्रंपेटवाले कमी होत गेले. सारंगीवाल्याचं जे पेटीने केलं, तेच या पेटीने बाकीच्यांचं केलं. यात कुणी खलनायक नाही. पण कीबोर्ड घेताना आपण एका लांबलेल्या गोष्टीतलं पुढचं पान उलटतो आहोत, एवढं भान असावं.

मग आज काय बघायचं?

आता व्यवहाराचं बोलू. नाही तर ज्यांनी वही-पेन आणलंय ते रागावतील.

पहिलं, पट्ट्या. शिकायचं असेल तर ६१ पट्ट्या, म्हणजे पाच सप्तकं, आणि पट्ट्या पूर्ण आकाराच्या. लहान पट्ट्यांचं खेळणं घेऊन बोटांना चुकीचं अंतर शिकवू नका. दुसरं, स्पर्श. हळू दाबलं की हळू, जोरात दाबलं की जोरात वाजलं पाहिजे. दोन्ही कंपन्यांच्या अगदी स्वस्त पेट्यांत हे नसतं. इथे कंपनीपेक्षा मॉडेल बघायचं. तिसरं, एका वेळी किती स्वर वाजतात. पहिल्या कॅसिओटोनला आठ होते, आज साधारण ४८ किंवा ६४ असतात, शिकणाऱ्याला पुरेसे.

चौथं, डावीकडे पिच बेंडचं चाक आहे का? दुकानात याकडे कोणी बघत नाही. आम्ही आधी तेच बघतो. कारण मींड तिथे आहे. देवलांच्या काळापासून पेटीवर जो आक्षेप होता त्याचं अर्धं उत्तर त्या चाकात आहे. उरलेलं अर्धं 'स्केल ट्यूनिंग' या सोयीत, म्हणजे एकेक स्वर किंचित चढवता-उतरवता येणं. ती सोय काही मॉडेलांत असते, काहींत नसते. विचारून घ्या. आणि 'ट्रान्सपोज'चं बटण. काळी एकमध्ये गाणारा आणि पांढरी चारमध्ये गाणारी, दोघांनाही त्याच पट्ट्यांवर साथ करता येते. जुन्या पेटीत यासाठी स्केल चेंजर लागायचा, तो महाग.

पाचवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, इथे कोण उघडतो? कीबोर्डच्या पट्टीखाली रबराची कार्बन लावलेली पट्टी असते. सोलापूरची धूळ त्यात गेली की एखादा सूर मुका होतो नाही तर एकदम किंचाळतो. जाणकाराने उघडून साफ केलं की काम होतं. दुसरं दुखणं अडॅप्टरचं. जुन्या बऱ्याच कॅसिओंचा अडॅप्टर ९ व्होल्टचा आणि आतली पिन ऋण. यामाहाचा बहुधा १२ व्होल्टचा आणि आतली पिन धन. शेजाऱ्याचा अडॅप्टर लावून बघितला आणि पेटी गेली, असं फार होतं. तेव्हा घेण्याआधी दुकानदाराला नव्हे, दुरुस्तीवाल्याला विचारा: या मॉडेलचे भाग तुम्हाला मिळतात का? कुरुंदवाडच्या पेटीचा प्रश्न तोच आहे, फक्त भात्याच्या जागी सर्किट आलंय.

राहिली कंपनी. ढोबळमानाने सांगायचं तर शिक्षक यामाहा सुचवतात, कारण बरेचसे तीवरच शिकलेत. कमी पैशात जास्त सोयी बघणारे कॅसिओकडे जातात. स्टेजवाले रोलँड, कोर्ग किंवा वरच्या श्रेणीचा यामाहा घेतात. तुमची पोरगी ज्यांच्याकडे शिकणार त्यांच्याकडे जो आहे तोच घ्या, हा आमचा सल्ला. पहिल्या वर्षी तिला अडलं तर बटण कुठलं दाबायचं हे गुरूला माहीत असलेलं बरं.

कुणाची ढोलकी?

सुरुवातीला म्हटलं होतं, पैशापलीकडेही काही आहे. ते असं. दोन्ही कंपन्यांना भारताची बाजारपेठ कळली तेव्हा त्यांनी खास इथल्यासाठी पेट्या काढल्या. यामाहाच्या नावात 'आय' अक्षर आलं, पीएसआर आय ४२५, आय ४५५, आय ५००. कॅसिओच्या नावाच्या शेवटी 'आयएन'. त्यांत तबला, तानपुरा, सतार, हार्मोनियम, ढोलक असे आवाज आणि इथले ठेके आले. २०१९मध्ये यामाहाने चेन्नईजवळ कारखाना सुरू केला आणि छोटे कीबोर्ड तिथे तयार होऊ लागले. दबाँच्या पेटीचे पाय कोलकात्याने कापले होते. यावेळी कंपनीनेच स्वतःहून पाय कापून दिले, असं म्हणा.

चांगलंच झालं. पण दुकानात उभं राहून जरा ऐका. 'भारतीय' म्हणून जे दिलंय त्यात भांगडा असतो, भजन असतं, चित्रपटाचे ठेके असतात. लावणीची ढोलकी कशी आहे? शाईपुडीवरची ती थाप, ती घुमक येते का? लेझीमचा ठेका आहे का? हलगी आहे का? सोलापूरच्या गणपतीत जो ताल जमिनीतून पायात चढतो, तो त्या यादीत कुठल्या क्रमांकावर आहे? दहा वर्षांची पोरगी जो आवाज 'ढोलकी' या नावाखाली रोज ऐकणार, तीच तिच्यासाठी ढोलकी. ज्या सोलापूरने रामजोशींसारखा शाहीर दिला, फैय्याजसारखी नाट्यगायिका दिली, त्या गावाने हे ऐकून घ्यायला पाहिजे. कंपन्यांची तुलना करायचीच तर ही करा: कुणाच्या कानांनी आपला ताल ऐकलाय? आणि बऱ्याच मॉडेलांत स्वतःचा ठेका साठवायची सोय असते. ती असलेली पेटी घ्या, आणि गावातल्या एखाद्या ढोलकीवाल्याला बिदागी देऊन घरी बोलवा. पोरीला खरी ढोलकी ऐकू द्या, मग तिने तो ठेका पेटीत बसवावा.

आमचं म्हणणं एवढंच. दीडशे वर्षांत या भागाने वाद्य परदेशी म्हणून नाकारलं नाही आणि कंपनीचं नाव मोठं म्हणून डोक्यावरही घेतलं नाही. वाजवणाऱ्याने, दुरुस्त करणाऱ्याने आणि गाणाऱ्याने ते तपासून घेतलं. ही तीन माणसं गावात आहेत तोवर कुठलीही कंपनी घेतली तरी फार बिघडत नाही. ती नसतील तर सगळ्यात महागडी पेटीही खोक्यातच जाणार.

आता प्रश्न घेऊ.

*(प्रश्न: सेकंडहँड घेतला तर चालेल का?)*

चालेल, पण सगळ्या ६१ पट्ट्या एकेक करून वाजवून बघा, हळू आणि जोरात. मूळ अडॅप्टर मागा. आवाजाची बटणं फिरवताना खरखर होते का ऐका. आणि शक्य असेल तर दुरुस्तीवाल्याला बरोबर न्या. त्याची फी वाया जात नाही.

*(प्रश्न: हामामात्सुला जमलं ते आपल्याला का नाही जमलं?)*

एका कारणावर बोट ठेवणं धाडसाचं होईल. पण जमलंच नाही असं नाही. बेंगळुरूचे राजनारायण हे इंजिनिअर आणि बासरीवादक. त्यांनी १९७९मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची 'रॅडेल' कंपनी काढली, आणि आज ते यंत्र असंख्य गायकांच्या घरात आहे. त्यांनी यामाहाची नक्कल केली नाही. आपल्या गायकाला काय लागतं ते आधी ओळखलं. शिवाय मिरज इथून काही तासांवर आहे, तिथले सतार-तानपुऱ्याचे कारागीर पिढ्यानपिढ्या हे काम करतायत. कौशल्य आहे. त्या कौशल्याची आणि विजेच्या ज्ञानाची गाठ पडायला हवी.

*(प्रश्न: आधी हार्मोनियम शिकवावी की थेट कीबोर्ड?)*

घरात आजोबांची पेटी असेल तर तिच्यापासून करा. भात्यावर श्वासासारखं लक्ष ठेवावं लागतं, सूर किती धरायचा ते कळतं. सहा महिन्यांनी कीबोर्ड आणा. आणि ती पेटी विकू नका. तिचे सूर कुठले आहेत ते मात्र उघडून बघा.